पेनड्राइव्ह दिसत नाही तेव्हा

(समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळच्या सत्रात पुराव्याबद्दल बोलणं झालं. जबाब, वैद्यकीय दाखला, मोबाईलमधली रेकॉर्डिंग. आता जेवणानंतर माझ्या वाट्याला विषय आलाय तो कॉम्प्युटरच्या मागच्या खाचांचा. कार्यक्रमपत्रिकेत त्याला ‘यूएसबी उपकरणे प्रतिसाद देत नसल्यास’ असं भारदस्त नाव दिलंय. यावर शिबिरातला अख्खा तास कशाला, हे काम तर शेजारच्या मुलाला हाक मारून होतं, असं काही जणींच्या मनात असणार. पंगतीत एकीनं तसं म्हटलंही.

हाक मारून होतं हे खरं. पण हाक मारली की काय काय होतं तेही बघू या. आपली बरीच केंद्रं कुणाच्या तरी घरातल्या पुढच्या खोलीत चालतात. कॉम्प्युटर एकच. त्यावर मुलांचा अभ्यास, विजेचं बिल आणि बायकांच्या तक्रारींची नोंदवही, सगळं एकत्र. त्याला लावलेलं काही बंद पडलं की आधी नवरा, मग दीर, मग शेजारचा मुलगा, मग बाजारपेठेतलं दुकान, अशी रांग लागते. आणि प्रत्येक जण मशीन उघडतो तेव्हा आतलं सगळं त्याच्यापुढे उघडं असतं. कुणाचा अर्ज आलाय, कुणी कुणाविरुद्ध काय लिहिलंय, कुणाच्या जखमांचे फोटो आहेत. तालुक्याच्या गावात दुकानदार हा कुणाचा तरी मावसभाऊ असतोच. आपण बाईला पहिल्या भेटीत सांगतो, ‘तुमचं बोलणं या चार भिंतींबाहेर जाणार नाही.’ आणि पुढच्या महिन्यात प्रिंटर चालेना म्हणून त्या चार भिंतीच उचलून दुकानात नेऊन ठेवतो.

म्हणून माझं म्हणणं असं की बिघाड शोधण्याचा पहिला तास आपल्या हातात असला पाहिजे. सगळी दुरुस्ती आपणच करावी असा हट्ट नाही. डाग देणं मलाही येत नाही. पण ‘पुढची खाच गेली आहे, मागची चालते, केबल बदलून पाहिली’ असं सांगता येणं वेगळं आणि ‘काहीतरी झालंय, बघा ना’ म्हणून मशीन सोपवणं वेगळं. पहिल्या बाईपुढे दुकानदार कॅबिनेट तिच्यासमोर उघडतो. दुसरीला ‘ठेवून जा, संध्याकाळी या’ म्हणतो.

आता ते नेहमीचं पालुपद, की बायकांना टेक्निकल जमत नाही. १९४५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिअक नावाचा एक प्रचंड कॉम्प्युटर तयार होत होता. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या. तो चालवण्यासाठी ज्या सहाजणींना निवडलं त्यांची नावं आपल्याला माहीत असायला हवीत: के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेट्टी स्नायडर, मर्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बायलस आणि रूथ लिक्टरमन. सुरुवातीला त्यांना मशीनच्या खोलीत जायची परवानगीही नव्हती. कागदावरचे आराखडे वाचून त्या ते मशीन शिकल्या. आणि इतक्या शिकल्या की बिघाड झाला तर त्या हजारो ट्यूबांमधली नेमकी कुठली गेली इथपर्यंत पोहोचायच्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये मशीन जगापुढे आलं, त्या रात्री मेजवानी झाली. या सहाजणींना आमंत्रण नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या अगदी जवळची. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स विंडोज ९८ दाखवत होते. त्यांच्या सहकाऱ्यानं कॉम्प्युटरला यूएसबीतून स्कॅनर जोडला आणि सगळ्या सभागृहासमोर पडदा निळा होऊन मशीन बंद पडलं. लोक हसले, गेट्स यांनीही विनोद करून वेळ मारून नेली. ‘पुरुषांना यातलं काही कळत नाही’ असं मात्र कुणी म्हटलं नाही. हीच गोष्ट आपल्या घरी झाली असती तर? ‘तू काहीतरी दाबलं असशील.’ म्हणजे यूएसबीला काही लावल्यावर मशीन न बोलणं हा तुमचा दोष नाही, जन्मापासून तिला ती खोड आहे.

आता ती खाच म्हणजे काय ते बघू. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. त्याआधी कीबोर्डला एक गोल खाच, प्रिंटरला लांबडी, मोडेमला तिसरीच. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी मिळून सगळ्यांना एकच खाच ठरवली. इंटेलमध्ये या कामात पुढे असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पेनड्राइव्ह पहिल्या वेळी उलटाच का धरला जातो, याचं उत्तरही त्या काळातच आहे. दोन्ही बाजूंनी बसणारी खाच करायची तर तारा वाढतात आणि खर्च वाढतो.

नेहमीच्या खाचेत चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, पाच व्होल्टच्या. मधल्या दोन बोलण्याच्या. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दिवा लागतो पण कॉम्प्युटरला दिसत नाही, याचा अर्थ वीज पोहोचते, बोलणं पोहोचत नाही. दिवाच लागत नाही, याचा अर्थ बहुतेक विजेपासूनच घोटाळा आहे. मोबाईल चार्ज होतो पण फोटो उतरत नाहीत, तेव्हा आधी वायरवर संशय घ्या. स्वस्तातल्या कित्येक वायरींत फक्त विजेच्या दोनच तारा असतात, बोलण्याच्या नसतातच. आणि वायर बरोबर असली तरी फोनचं कुलूप उघडून त्याच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं, नाहीतर फोन नुसती वीज घेत बसतो.

उपकरण लावलं की काय होतं? ते एक खूण करतं, मी आलेय अशी. मग कॉम्प्युटर विचारतो: तू कोण, कुठल्या कंपनीची, किती वीज घेणार? उत्तर मिळालं की तो तिला एक क्रमांक देतो आणि काम सुरू होतं. उत्तर आलं नाही किंवा तुटक आलं, तर पडद्यावर येतं ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. यूएसबीच्या मूळ रचनेत उपकरणानं आपणहून बोलायचं नसतं. कॉम्प्युटरनं विचारलं तरच. (हशा) हसा, पण रचना तशी आहे. त्यामुळे ‘प्रतिसाद देत नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. तिला नीट विचारलं का, प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचला का, तिला उत्तर देण्याइतकी ताकद मिळाली का, हेही बघायला हवं. घरातल्या गप्प राहणाऱ्या बाईबद्दल आपण हेच प्रश्न विचारतो ना?

तपासायचं कसं? शिलाई मशीनवर दोरा तुटायला लागला तर तुम्ही काय करता? सुई उलटी बसलीय का बघता, दोरा नीट ओवलाय का बघता, ताण कमी करता, बॉबिन काढून बघता. एकेक करून. सगळं एकदम केलंत तर दोरा तुटायचा थांबेल, पण कशानं थांबला ते कळणार नाही आणि उद्या पुन्हा तेच. हीच पद्धत इथं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. ज्या बाईनं वीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय तिला बिघाड शोधणं नव्यानं शिकवावं लागत नाही, फक्त मशीन नवीन आहे.

पहिली बदलायची ती खाच. टॉवरवाला कॉम्प्युटर असेल तर पुढच्या खाचा आतून एका वायरीनं मुख्य पाटीला जोडलेल्या असतात. रोजच्या काढघालीनं त्या सैल होतात, ती वायरही हलते. मागच्या खाचा थेट मुख्य पाटीवर असतात, म्हणून मागे लावून पाहा. मग वायर बदला. मग तेच उपकरण दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, आणि या कॉम्प्युटरला दुसरं चालतं उपकरण लावा. एवढ्यात तुम्हाला कळतं की दोष उपकरणात आहे, वायरीत, खाचेत की मशीनमध्ये. मात्र ज्यात कुणाची कागदपत्रं आहेत असा पेनड्राइव्ह तपासायला सायबर कॅफेत नेऊ नका. तिथं दुसऱ्या केंद्राचं मशीन वापरा. खाचेत धूळ, कापसाचे धागे असतात. मशीन बंद करून बॅटरीनं बघा. पण सेफ्टी पिन किंवा केसातला आकडा घालून टोकरू नका. त्या पट्ट्या एकमेकींना टेकल्या तर होती ती खाचही जाईल.

मग विजेचा हिशोब. जुन्या पद्धतीची यूएसबी २ ची खाच ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३ ची ९००. तिच्या आतली जीभ बहुधा निळी असते. एका खाचेला चार तोंडांचा हब लावून त्यावर बाहेरची हार्ड डिस्क, वेबकॅम आणि उन्हाळा म्हणून छोटा पंखा लावला तर सगळ्यांनी मिळून तेवढ्याच विजेवर भागवायचं असतं. हार्ड डिस्क टकटक आवाज करते आणि दिसत-नाहीशी होते, तेव्हा आधी तिला हबवरून काढून थेट मागच्या खाचेत लावा. टकटक तरीही थांबली नाही तर ती बंद करून बाजूला ठेवा, पुन्हा पुन्हा चालवू नका. आत फिरणारी तबकडी असते, दर प्रयत्नागणिक ती खरवडली जाऊ शकते.

आणखी एक गंमत. बिनवायरचा माऊस अडखळत असेल आणि त्याचं ते नखाएवढं बटण निळ्या खाचेत किंवा तिच्या शेजारी असेल, तर त्याला दुसरीकडे हलवा. यूएसबी ३ च्या कामामुळे त्याच्या रेडिओलहरीत खरखर मिसळते. माऊस चांगला असताना लोक नवा घेतात.

आता ‘बंद करून चालू कर’ या प्रसिद्ध सल्ल्याबद्दल. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ म्हटल्यावर कॉम्प्युटर पूर्ण झोपतच नाही. लवकर उठता यावं म्हणून तो आपली आतली अवस्था साठवून ठेवतो आणि सकाळी तीच परत उघडतो, बिघाडासकट. म्हणून शट डाउन करून चालू केला तरी काही फरक पडला नाही, असं होतं. ‘रीस्टार्ट’ करा, त्यात सगळं नव्यानं सुरू होतं. त्यानंही भागलं नाही तर मशीन बंद करून भिंतीचा प्लग काढा, चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि मग प्लग लावा. आमच्याकडच्या मेलेल्या खाचा या एका उपायानं अनेकदा जाग्या झाल्यात.

इथपर्यंत मशीनच्या आत शिरायची गरजच पडली नाही. आता शिरू. माऊस बंद पडलाय म्हणून अडून राहू नका. विंडोजच्या खुणेची कळ आणि एक्स एकत्र दाबा, मग एम. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडतो. बाणाच्या कळा, टॅब आणि एंटर यांवर सगळं चालतं. विंडोज १० आणि ११ दोन्हींत हेच आहे. १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हे ध्यानात ठेवा, पण जुनी मशिनं आपल्याकडे आहेत आणि राहणार. उलट कीबोर्डच मेला असेल तर मशीन सुरू होतानाच, विंडोज यायच्या आधी, एफ टू किंवा डिलीट दाबून सेटिंगचा पडदा उघडतो का बघा. तिथं कीबोर्ड चालला आणि विंडोजमध्ये चालत नसला, तर कीबोर्ड धडधाकट आहे, घोटाळा विंडोजमध्ये आहे. नवीन घ्यायचे पैसे वाचले.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर त्यावर दोनदा टिचकी मारा. आत एक क्रमांक असतो, तो वहीत लिहा. २८ म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाची भाषा कॉम्प्युटरला सांगणारा दुभाषी, बसवलेलाच नाही. १० म्हणजे उपकरण सुरू करता आलं नाही. ४३ म्हणजे उपकरणानं अडचण कळवली म्हणून विंडोजनं ते थांबवलं. यात वायर, खाच आणि उपकरण तिन्हींवर संशय असतो. त्या नावावर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून, उपकरण काढून, रीस्टार्ट करून पुन्हा लावलं की ओळख नव्यानं होते. फक्त ‘यूएसबी रूट हब’ म्हणून जे दिसतं त्याला अनइन्स्टॉल करताना सांभाळा. त्यावरच तुमचा कीबोर्ड आणि माऊस असतो, ते दोन्ही त्या क्षणी गार पडतात आणि पुढचं बटण दाबायला हातात काही उरत नाही. तसं झालं तर घाबरू नका, चालू करायच्या बटणानं मशीन बंद करून परत सुरू करा, ते आपोआप परत येतात.

थोड्या वेळानं बंद पडतं, काढून लावलं की चालतं, ही तक्रार लॅपटॉपवाल्या मैत्रिणींची जास्त. त्यात बहुधा वीज वाचवण्याचा उद्योग असतो. त्याच रूट हबच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ असं पान असतं. वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची मुभा कॉम्प्युटरला दिलेली असते, तिथली खूण काढा. नांदेडकडच्या एका ताई विचारतायत की हे केल्यानं बिल वाढेल का. ताई, घरातला दिवा पाच मिनिटं जास्त जळण्याएवढंही नाही.

आता पेनड्राइव्ह. यासाठीच मी खरं तर हा तास मागून घेतला.

आमच्या केंद्रात एक बाई आली होती. नवऱ्याच्या धमक्या तिनं मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या, भावाकरवी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. पुढे नवऱ्यानं मोबाईल आपटून फोडला. म्हणजे उरलं ते फक्त पेनड्राइव्हमध्ये. तो दिसेना म्हणून ती आधी एका दुकानात गेली. दुकानातल्या मुलानं लावला आणि म्हणाला, ‘खराब झालाय, फॉरमॅट मारून देतो, शंभर रुपये.’ तिनं विचारलं, ‘आतलं राहील ना?’ तो म्हणाला, ‘आतलं जाणारच, पेनड्राइव्ह चालू होईल.’ बाई सातवी शिकलेली. कॉम्प्युटरला तिनं कधी हात लावलेला नाही. पण तिनं तो पेनड्राइव्ह त्याच्या हातातून परत घेतला आणि आमच्याकडे आली. त्या दिवशी तिथं बरोबर प्रश्न विचारणारी ती एकटीच होती. मुलाच्या दृष्टीनं वस्तू चालू होणं हे काम, तिच्या दृष्टीनं आतलं राहणं हे काम.

आमच्या पुढच्या खाचेत दिवा लागला नाही. मागच्या खाचेत लागला, तरी ‘धिस पीसी’मध्ये काही नाही. मग ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं. तेही विंडोज आणि एक्सनंतर येणाऱ्या यादीतच असतं. तिथं पेनड्राइव्ह होता, आकार बरोबर, पण त्याला नाव द्यायचं अक्षर मिळालेलं नव्हतं. कधी कधी ते अक्षर दुसऱ्या कुणी घेतलेलं असतं, मग नवीन आलेला बिनअक्षराचा राहतो. त्यावर उजवी टिचकी मारून दुसरं अक्षर दिलं आणि फाइली समोर आल्या. सगळ्या.

नेहमी इतकं सरळ होत नाही. म्हणून हे नीट ऐका. पेनड्राइव्ह लावल्यावर विंडोज विचारतो, ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावं लागेल, करू का?’ त्या वेळी ‘कॅन्सल’. दर वेळी कॅन्सल. ते वाक्य आज्ञेसारखं लिहिलेलं असतं, पण तो नुसता प्रश्न आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘रॉ’ दिसलं तर आतली मांडणी विस्कटली आहे, मजकूर बहुधा जागेवर आहे. अशा वेळी त्यावर काहीही नवीन लिहू नका, ‘दुरुस्त करू का’ असं विचारलं तरी नको म्हणा, कारण दुरुस्तीसुद्धा त्यावरच लिहून होते. ‘नो मीडिया’ दिसलं तर आतली चिप बोलत नाही. दोन्ही वेळा काढून पाकिटात घाला, पाकिटावर तारीख घाला, आणि डेटा परत काढून देणाऱ्या माणसाकडेच न्या, लेखी पावती घेऊन. आणखी एक प्रकार म्हणजे सगळ्या फाइलींच्या जागी बाणाच्या खुणेचे शॉर्टकट दिसणं. तो व्हायरस. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर टिचकी मारू नका, मारलीत तर तो तुमच्या मशीनमध्ये येतो.

फॉरमॅटचं मी इतकं का लावून धरते? सकाळी वकील मैत्रिणीनं सांगितलंच, १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. पूर्वीचं पासष्ट-ब आता कलम ६३ मध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याचे दोन भाग असतात, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तेव्हा ज्या फोनवर रेकॉर्डिंग झालं तो फोन जपा, फुटला असला तरी. पेनड्राइव्ह आला की त्याची प्रत काढून प्रतीवर काम करा, मूळ परत पाकिटात. आणि काढताना खालच्या कोपऱ्यातलं ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा, लिहिणं चालू असताना उपटला तर विस्कटतो.

प्रिंटरचं थोडक्यात. वेगळ्या खाचेत लावला की विंडोज त्याला कधी कधी नवा प्रिंटर समजतो आणि त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लिहून दुसरा तयार करतो. तुमचा कागद मात्र जुन्या नावाकडे जात राहतो, तिथं कुणीच नसतं. यादी उघडून दोन नावं आहेत का बघा.

ज्या मैत्रिणी घरून सेवा केंद्र चालवतात त्यांच्यासाठी अंगठ्याचं मशीन. त्याचा ड्रायव्हर बसवून भागत नाही, त्याबरोबर ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा कार्यक्रम चालू असावा लागतो. दिवा लागलाय, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्रिकोण नाही, तरी ‘डिव्हाइस नॉट रेडी’ येतं, तर ती सेवा बघा. आणि हे सगळं ठीक असूनही बाईचा अंगठा उमटत नाही, असं तुम्ही रोज बघता. भांडी, शेण, सिमेंट, उसाची मोळी, यात बोटांवरच्या रेषा झिजतात. तिथं ‘मशीन खराब आहे’ म्हणू नका आणि बाईला दहा वेळा अंगठा दाबायलाही लावू नका. दुसरं बोट घ्या, हात ओलसर कपड्यानं पुसा, नाहीतर डोळ्याचा किंवा ओटीपीचा पर्याय उपलब्ध असेल तो वापरा. नोंद मात्र ठेवा, कारण रेशन दुकानात हीच बाई ‘प्रतिसाद देत नाही’ म्हणून परत पाठवली जाते.

शेवटचं थोडं नाजूक आहे. आपल्याकडे येणाऱ्या एखादीच्या घरचा कॉम्प्युटर तपासायची वेळ आली तर मागच्या बाजूला कीबोर्डच्या वायरीचं टोक हातानं चाचपा. वायर आणि खाच यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढं काही बसवलेलं आहे का? दाबलेली प्रत्येक कळ साठवून ठेवणारी अशी उपकरणं बाजारात मिळतात. ती डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतीलच असं नाही, डोळ्यांनाच दिसतात. प्रत्येक मधला तुकडा तसलाच असतो असंही नाही, कधी तो साधा जोड असतो. पण सापडला तर तिथल्या तिथे उपटू नका. ज्यानं लावला त्याला त्याच क्षणी कळेल की बाईला कळलंय. फोटो घ्या, आणि तिचं पुढचं सगळं लिहिणं-बोलणं दुसऱ्या मशीनवरून करायचं ठरवा. कधी आणि कसा काढायचा हे तिच्या सुरक्षिततेचा विचार करून, तिच्याबरोबर बसून ठरवा.

बास, बोलणं पुरे. मागच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर लावलेत. एकाची पुढची खाच खरोखरच मेलेली आहे, दुसऱ्यात मी काय करून ठेवलंय ते सांगत नाही. ज्यांनी आपापले न दिसणारे पेनड्राइव्ह आणलेत त्यांनीही यावं, चौघी-चौघींचे गट करू. वही-पेन घ्या. मी शेजारी उभी राहीन, माऊसला हात लावणार नाही.